दोन पेनींचं शहर

(दृश्य: जुनी चित्रफीत. क्रीम आणि कॉफी रंगाची दुमजली बस एक खडा चढ चढते आहे. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी, मुलांचे चेहरे.)

उत्तर इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात लहानाची मोठी झालेली, आज पन्नाशी-साठीत असलेली माणसं बालपणाबद्दल बोलायला लागली की विषय कुठूनही सुरू होवो, थोड्या वेळात बसवर येतो. आणि बसवर आला की एक आकडा हमखास निघतो. दोन पेनी. मुलांचं तिकीट.

1971 साली ब्रिटननं दशमान नाणी आणली, तेव्हाचं ते तांबूस, भलंमोठं नाणं. त्यात चार गोळ्या-चॉकलेटं आली असती. शेफिल्डच्या मुलांना त्यात अख्खं शहर मिळालं.

हे सहज घडलं नाही. कुणीतरी ते ठरवलं, त्यासाठी भांडण घेतलं आणि जवळजवळ अकरा वर्षं निभावलं. या फिल्ममध्ये आम्ही त्या अकरा वर्षांत वाढलेल्या मुलांचं शहर शोधतो आहोत.

(दृश्य: उंचावरून दिसणारं शहर. टेकड्यांवर चढत गेलेल्या घरांच्या ओळी.)

आधी हे शहर पाहू या. शेफिल्ड वसलंय टेकड्यांवर. सात टेकड्या, असं इथले लोक सांगतात. नद्या पाच: डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन. त्यांच्या उताराच्या पाण्यावर चाकं फिरली, चाकांवर सहाणा फिरल्या, सहाणांवर सुऱ्या-कात्र्यांना धार लागली. मग पोलाद आलं. आपल्या स्वयंपाकघरात स्टीलची ताटं, वाट्या, डबे आहेत ना, त्यांच्या कुळाची एक मोठी नोंद इथली आहे. 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद बनवलं ते याच गावात. ब्रिअर्ली इथलेच, पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. त्या काळात गरिबाच्या मुलाला या शहरात फिरायला मोकळीक होती ती घर ते भट्टी एवढीच.

आणि ही टेकड्यांची गोष्ट लक्षात ठेवा. इथले रस्ते असे उभे आहेत की सायकल दामटताना मोठ्या माणसाचाही दम निघतो. बाजाराच्या पिशव्या घेतलेली आजी, बाबागाडी ढकलणारी आई, आठ वर्षांचं पोर, या सगळ्यांना घर सोडून कुठं जायचं तर बसला पर्याय नव्हता.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं. कौन्सिलच्या सभागृहाचं छायाचित्र.)

1974 मध्ये साउथ यॉर्कशायर ही नवी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, झाली. शेफिल्ड, रॉदरहॅम, बार्न्सली, डॉनकास्टर. पोलादाचा आणि कोळशाचा पट्टा. काउंटी कौन्सिल मजूर पक्षाचं. त्यांनी बसभाडं गोठवलं आणि 1975 पासून ते वाढू दिलं नाही. त्या वर्षी ब्रिटनमध्ये महागाईचा दर 24 टक्क्यांच्या आसपास होता. पावापासून कोळशापर्यंत सगळं वर चढत होतं, आणि बसचं तिकीट जिथल्या तिथं.

पैसा आला कुठून? घरपट्टीसारख्या स्थानिक करातून. यावर लंडनमधलं सरकार नाराज होतं, आणि सुरुवातीची काही वर्षं तर ते सरकार मजूर पक्षाचंच होतं. अनुदानावर टाच आणण्याची भाषा झाली. काउंटी हटली नाही. पुढे विरोधकांनी या भागाला ‘साउथ यॉर्कशायरचं समाजवादी प्रजासत्ताक’ असं नाव ठेवलं. इथल्या लोकांनी ते आनंदानं मिरवलं.

देशभर लोक बस सोडून मोटारीकडे वळत होते. इथं बसच्या प्रवाशांची संख्या वाढत गेली.

(दृश्य: कॅसल स्क्वेअर. भुयारी चौक, वर उघडं आकाश.)

मग मुलं गेली कुठं?

सगळ्यात आधी ‘होल इन द रोड’ला. 1967 मध्ये शहराच्या मध्यावर, कॅसल स्क्वेअरमध्ये, एक गोल भुयारी चौक बांधला गेला. वरून गाड्या, खाली पायवाटा, सरकते जिने आणि दुकानं. मध्ये मात्र छत नाही, पाऊस थेट आत. त्या चौकाच्या भिंतीत माशांची एक मोठी टाकी बसवलेली होती. शहर नियोजनाच्या पुस्तकात या चौकाबद्दल काय लिहिलं असेल ते असो. शेफिल्डच्या दोन पिढ्यांसाठी तो चौक म्हणजे ती टाकी. आई खरेदीला गेली की मुलं काचेला नाक लावून उभी. तरुण झाल्यावर तीच मुलं कुणाला भेटायचं तर सांगायची, माशांपाशी ये.

तिथून पायी कॅसल मार्केट. मांस, मासळी, चीज, बटणं, पडद्यांची कापडं, सगळं एका छपराखाली, आणि खाली जमिनीत मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष. खेळण्यांसाठी रेडगेट्स. त्या दुकानात विकत काही घ्यायलाच हवं असं नव्हतं. आगगाड्यांचे संच बघून यायचे, एवढ्यावरही शनिवार सार्थकी लागे.

(दृश्य: हेदर नावाच्या रानझुडपाच्या फुलांनी जांभळा झालेला माळ. क्षितिजावर काळ्या कातळांची रांग.)

पण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती दुसऱ्या दिशेची बस, पश्चिमेची. शेफिल्डच्या हद्दीचा सुमारे एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या औद्योगिक शहराला असं भाग्य नाही. कारखान्याच्या वस्तीतलं पोर बसमध्ये बसायचं आणि थोड्याच वेळात मेंढ्या, माळ आणि वारा यांच्यात उतरायचं. रिव्हलिनच्या खोऱ्यात दगडावरून दगडावर उड्या मारत नदी ओलांडायची, जुन्या पाणचक्क्यांच्या तळ्यांतून बेडकाची पिल्लं बरणीत भरायची.

या माळांवर पाय ठेवण्यासाठीही इथल्या कामगारांनी झगडा केला होता. पूर्वी हा सगळा प्रदेश जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला, रखवालदार हाकलून द्यायचे. शेफिल्डमध्ये 1900 मध्ये कामगारांचा भटकंती संघ उभा राहिला. 1932 मध्ये किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो लोक परवानगीशिवाय चढून गेले आणि त्यांच्यापैकी काहींनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आधीच्या पिढ्यांनी माळ खुला करून घेतला. दोन पेनींच्या तिकिटानं तो मुलांच्या आवाक्यात आणला.

(दृश्य: पार्क हिल. लांबच लांब, नागमोडी इमारत. मजल्यावरच्या रुंद गॅलऱ्या.)

रेल्वे स्थानकाच्या मागच्या टेकडीवर पार्क हिल आहे. 1961 मध्ये पूर्ण झालेली ही वसाहत, जवळजवळ हजार घरांची. त्याआधी इथं दाटीवाटीची जुनी घरं होती, आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे त्या वस्तीला ‘लिटल शिकागो’ म्हणत. जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुण वास्तुविशारदांनी इथं दर तीन मजल्यांवर दहा फूट रुंद गॅलरी काढली. दूधवाल्याची गाडी त्या गॅलरीतून दारोदार जायची. जुन्या गल्लीतले शेजारी नव्या इमारतीतही शेजारीच राहतील असं पाहिलं गेलं आणि गॅलऱ्यांना त्या गल्ल्यांचीच नावं दिली. पावसाळी गावात मुलांना छपराखालचं अंगण मिळालं.

पुढे देखभाल ढेपाळली आणि इमारतीचं नाव खराब झालं. 1998 मध्ये तिला वारसा वास्तू म्हणून संरक्षण मिळालं, नंतर दुरुस्ती झाली. आज तिथल्या बऱ्याच घरांची किंमत पूर्वीच्या रहिवाशांना झेपणारी नाही. हे आम्हाला खटकतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

(दृश्य: अॅटरक्लिफ. बंद कारखान्यांच्या भिंती, डॉन नदी.)

पूर्वेकडे अॅटरक्लिफ, पोलादाचं काळीज. इथल्या मुलांची झोप घणांच्या ठोक्यांवर लागायची. वाफेच्या प्रचंड घणांनी जमीन हलायची, कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. कामावर येमेनहून, पाकिस्तानातून, कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं होती आणि त्यांची मुलं याच गल्ल्यांत एकत्र चेंडू खेळली.

नदीकाठी एक नवल उभं आहे. डॉनच्या काठानं अंजिराची झाडं वाढली आहेत, रानटी, कुणी न लावलेली. आपल्याकडे अंजीर म्हटलं की पुरंदरचं ऊन आठवतं. इथं, या थंड गावात, अंजीर कसं? कारखाने भट्ट्या निववायला नदीचं पाणी घेत आणि गरम करून परत सोडत. त्यामुळे नदी बारमाही 20 अंशांच्या आसपास राहायची. सांडपाण्यातून वाहत आलेलं अंजिराचं बी त्या उबेत रुजलं. आता कारखाने गेले, नदी गार झाली, बी रुजणं थांबलं. उरलेली झाडं मात्र दरवर्षी पालवतात.

(दृश्य: 1980. संपकरी कामगार, शेकोटीभोवती.)

1980 च्या जानेवारीत देशभर पोलाद कामगारांचा संप झाला, तीन महिने चालला. त्यानंतरच्या वर्षांत शेफिल्डमधल्या हजारो नोकऱ्या गेल्या. कितीतरी घरांत वडील दिवसा घरी दिसायला लागले. हॅडफील्ड्सच्या प्रचंड कारखान्याच्या जागेवर 1990 मध्ये मेडोहॉल हे खरेदी संकुल उभं राहिलं.

त्या वाईट वर्षांत दोन पेनींची किंमत आणखी वाढली होती. वडिलांचा पगार थांबला तरी मुलाचा शनिवार थांबत नव्हता.

1986 च्या मार्चअखेर थॅचर सरकारनं साउथ यॉर्कशायरसारखी महानगरी काउंटी कौन्सिलं बरखास्त केली. भाडी काही पटींनी वाढली. ऑक्टोबरमध्ये बससेवा खासगी स्पर्धेला खुली झाली. एकाच रस्त्यावर चार कंपन्यांच्या रंगीबेरंगी बस एकमेकींच्या पुढे धावू लागल्या, आणि जिथं नफा नाही तिथल्या फेऱ्या कमी झाल्या. माशांची टाकी असलेला चौक 1994 मध्ये बुजवला गेला. त्याच वर्षी सुरू झालेली ट्राम आज त्याच्यावरून जाते.

(दृश्य: आजचा थांबा. शाळकरी मुलं फोनवर बसची वेळ बघत आहेत.)

2025 च्या मार्चमध्ये साउथ यॉर्कशायरच्या महापौरांनी बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायचा निर्णय जाहीर केला. मार्ग, वेळापत्रक आणि भाडं कंपन्यांऐवजी लोकांनी निवडलेली यंत्रणा ठरवणार आहे. या व्यवस्थेतली पहिली बस 2027 मध्ये निघायची आहे. मुलांचं भाडं किती असावं हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती, कधीकाळी दोन पेनी देऊन रिव्हलिनला गेलेलं कुणीतरी बसलेलं असावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे.