आधी ब्राखा, मग घास

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाची चपाती, तांदळाची भाकरी आणि ज्वारीची भाकरी. तिन्ही तव्यावरच्या, तिन्ही आपल्या रोजच्या जेवणातल्या. पण नियम पाळणारा ज्यू माणूस या तिघींचा पहिला तुकडा मोडताना तीन वेगळ्या प्रार्थना म्हणतो. अशा छोट्या प्रार्थनेला ब्राखा म्हणतात, अनेक असल्या की ब्राखोत. मी रायगडमधल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, घरात वाढले. घरात बोलणं मराठी आणि ब्राखा हिब्रू. आज या ब्राखोतबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

खाण्याआधीच्या प्रत्येक ब्राखेची सुरुवात एकच असते. ‘बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम.’ हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस. त्यापुढचे दोन-चार शब्द बदलतात, आणि ते ठरतात समोरच्या पदार्थावरून. भाकर असेल तर ‘हामोत्सी लेखेम मिन हाआरेत्स’, जो जमिनीतून भाकर उपजवतो. पण इथे भाकर धरतात ती पाचच धान्यांची: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा जुन्या जातीचा गहू. चपातीला हामोत्सी लागू होते. तांदूळ या पाचांत नाही, तरी तो पोटाला आधार देणारा. म्हणून त्याच्या भाकरीला आणि भाताला ‘बोरे मिने मेझोनोत’, जो नाना परींचं पोषण निर्माण करतो. केक, बिस्किटं, शेवया यांनाही हीच. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला मात्र ‘शेहाकोल’, ज्याच्या शब्दाने सारं काही झालं. भरड धान्याच्या भाकरीचा हा नियम सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या ‘शुलहान आरूख’ या नियमग्रंथात स्पष्ट दिलेला आहे. ज्वारीला खालचं पान वाढलं असं मात्र कुणी समजू नये. पाणी, दूध, अंडी, मासळी, मटण या सगळ्यांची ब्राखा शेहाकोलच आहे. पुरीचं काय, असं विचाराल तर तळलेल्या कणकेबद्दल शास्त्रीमंडळींत जुना मतभेद आहे.

फळं आणि भाज्यांकडे आलं की हे शास्त्र खरं रंगतं. झाडाच्या फळाला ‘बोरे परी हाएत्स’, वृक्षाचं फळ निर्माण करणारा. जमिनीच्या पिकाला ‘बोरे परी हाअदामा’, भूमीचं फळ निर्माण करणारा. आंबा, नारळ, चिकू झाडाचे. काकडी, गाजर, भुईमूग जमिनीचे. आणि केळं? कोकणात ज्याच्या परसात केळी आहेत त्याला उत्तर सोपं जाईल. घड उतरवला की तो खांब संपला. त्याला पुन्हा घड लागत नाही, तो तोडून टाकायचा आणि बुडाशी आलेला मुनवा वाढू द्यायचा. ज्याचं खोड वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याच खोडावर पुन्हा फळ धरतं, ते झाड. केळीचं तसं नाही, म्हणून केळ्याला हाअदामा. अननसालाही तीच. पपईबद्दल मात्र अजून दोन मतं आहेत. केळ्याचा निर्णयही त्याच शुलहान आरूखमध्ये नावानिशी आलेला आहे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. देवाचे आभार मानायचे, पण त्याआधी केळीच्या खांबाचं काय होतं ते माहीत करून घ्यायचं!

अळंबीचं उदाहरण त्याहून बारीक आहे. अळंबी उगवते जमिनीवर, म्हणजे तिला हाअदामा असायला हवी. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातले विद्वान म्हणतात, ती उगवते जमिनीवर खरी, पण तिचं पोषण जमिनीतून होत नाही. म्हणून तिला शेहाकोल. अळंबी ही हिरव्या वनस्पतींसारखी नाही, एवढं त्या लोकांनी निव्वळ बघून ओळखलं होतं.

या नियमांचा पाया मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात आहे. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण ‘ब्राखोत’ नावाचं आहे. चूक झाली तर काय, हेही त्यात सांगून ठेवलं आहे. झाडाच्या फळावर चुकून जमिनीची ब्राखा म्हटली तर चालते, कारण झाडही शेवटी जमिनीतूनच वर येतं. उलट केलं तर चालत नाही. आणि कशावरही शेहाकोल म्हटली तरी ती पोचते. मुलांना पहिल्यांदा हाच दिलासा द्यावा असं मला वाटतं. शब्द आठवले नाहीत म्हणून गप्प बसून खाऊ नये.

पण मुळात खाण्याआधी म्हणायचं कशाला? तालमूदमध्ये यावर एक सुंदर चर्चा आहे. एका स्तोत्रात म्हटलंय, पृथ्वी आणि तिच्यातलं सारं परमेश्वराचं आहे. दुसऱ्या स्तोत्रात म्हटलंय, आकाश परमेश्वराचं, पण पृथ्वी त्याने माणसांना दिली. दोन वचनांचा मेळ कसा घालायचा? उत्तर असं, की पहिलं वचन ब्राखा म्हणण्याआधीचं आणि दुसरं म्हटल्यानंतरचं. ब्राखेशिवाय खाल्लेला घास म्हणजे मालकाला न विचारता उचललेली वस्तू. बेन झोमा नावाचे एक ज्ञानी याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघत. ते म्हणत, पहिल्या माणसाला, आदामाला, एक भाकर खायची तर किती खटाटोप करावा लागला! नांगरलं, पेरलं, कापलं, पेंढ्या बांधल्या, मळणी केली, वारवलं, निवडलं, दळलं, चाळलं, मळलं, भाजलं, तेव्हा कुठे घास मिळाला. आणि मी सकाळी उठतो तर हे सगळं माझ्यासमोर तयार. बेन झोमांच्या या यादीत शेतकरी आहे, मळणीवाला आहे, दळणारी आहे. देवाचं नाव घेताना हे हात सुटता कामा नयेत, असं मला फार वाटतं.

म्हणून भाकरीची ब्राखा घाईत होत नाही. आधी भांड्याने दोन्ही हातांवर पाणी घ्यायचं, हातांची वेगळी ब्राखा म्हणायची, आणि तिथून पहिला घास तोंडात जाईपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही. मग हामोत्सी, मिठाला लावलेला तुकडा, आणि जेवण सुरू. एकदा हामोत्सी झाली की भाजी, आमटी, मासळी सगळं तिच्या पदराखाली येतं. त्यांना निराळी ब्राखा लागत नाही.

आता जेवणानंतरचं. माझ्या मते या परंपरेचं काळीज इथे आहे. खाण्याआधीच्या ब्राखा पुढच्या काळातल्या विद्वानांनी घालून दिल्या, पण तोराहमध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, थेट आज्ञा आहे ती जेवणानंतरची. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात म्हटलंय, तू खाशील, तृप्त होशील, आणि परमेश्वराला धन्यवाद देशील. लगेच पुढे इशारा आहे, की खाऊन तृप्त झाल्यावर, चांगली घरं बांधून राहिल्यावर तुझं मन चढेल आणि तू विसरशील. भुकेल्याला देव आपसूक आठवतो. पोट भरल्यावर त्याला आठवण करून द्यावी लागते.

भाकरीच्या जेवणानंतर जी म्हणतात ती ‘बिरकत हामाझोन’. तीन किंवा अधिक जण एकत्र जेवले असतील तर एकजण बाकीच्यांना आमंत्रण देतो आणि मग सगळे म्हणतात. तिच्यात चार भाग आहेत. पहिला साऱ्या जगाला अन्न देणाऱ्याबद्दल, दुसरा भूमीबद्दल, तिसरा येरुशलेमबद्दल. चौथ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. इसवी सन 135 मध्ये रोमनांनी बेतार हा ज्यू बंडखोरांचा शेवटचा किल्ला पाडला. मेलेल्यांना पुरायलाही परवानगी मिळेना. पुष्कळ काळाने ती मिळाली, आणि तोवर ती प्रेतं कुजली नव्हती असं तालमूद सांगतं. तेव्हा यावने गावच्या विद्वानांनी ‘जो भला आहे आणि भलं करतो’ ही ब्राखा घालून दिली. एवढा मोठा पराभव झाला, आणि आभार कशाचे, तर आपल्या माणसांना माती देता आली याचे. हे रोजच्या जेवणात, भरल्या ताटावरून उठताना म्हणायचं. पहिल्यांदा ही कथा कळली तेव्हा पाठ केलेले ते शब्द मला नव्याने ऐकू आले.

पाच धान्यांच्या केक-बिस्किटांनंतर, द्राक्षारसानंतर, आणि खजूर, अंजीर, डाळिंब, द्राक्षं, ऑलिव्ह अशा इस्राएलच्या खास फळांनंतर बिरकतचं सार सांगणारी एक आटोपशीर ब्राखा असते. बाकी सगळ्यानंतर, म्हणजे आपल्या भात-मासळीनंतरही, एकाच वाक्याची ‘बोरे नेफाशोत’. तिच्यात देवाला म्हणतात, तू अनेक जीव निर्माण केलेस आणि त्यांच्या उणिवाही.

आमच्या समाजाकडे हे सारं सलग चालत आलं असं नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे आमचे पूर्वज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. हिब्रूतलं त्यांच्यापाशी उरलं होतं ते मुख्यतः ‘शेमा’चं, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारं, वचन. पुढे कोचीनच्या ज्यूंकडून शिक्षण मिळालं, 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं, 1846 मध्ये हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेली हग्गादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, मुंबईत शिळाछापावर निघाली. वाटी, ताट, नारळ, पोहे मात्र कोकणचेच राहिले. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दूशला द्राक्षारसावर प्रार्थना म्हणतात; तो मिळेना, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं आणि त्यावर द्राक्षवेलीची ब्राखा, ‘बोरे परी हागाफेन’, म्हणायची. धर्मशास्त्रालाही ते मान्य आहे.

आणि आमचा मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं मांडलेली. लग्नाआधी, नवस फेडताना, आणि ‘तू बिश्वात’ या झाडांच्या नववर्षाच्या सणाला, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने तो करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींनी दर्शन दिलं अशी आमची श्रद्धा आहे, आणि तू बिश्वातच्या दिवशी तिथे माणसं जमतात. ब्राखोतचं सगळं शास्त्र एका ताटात बघायचं असेल तर मलिद्याचं ताट बघावं. खजूर झाडाचा, केळं जमिनीचं, पोहे तांदळाचे; एकाच ताटातून तीन ब्राखा निघतात.

आता आंब्याचे दिवस येतील. मोसमातलं नवं फळ पहिल्यांदा खाताना फळाच्या ब्राखेबरोबर आणखी एक म्हणतात, ‘शेहेखेयानू’. तू आम्हांला जगवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणून पोचवलंस. ती वर्षातल्या पहिल्या आंब्यालाच. दुसऱ्यापासून फक्त बोरे परी हाएत्स.

नमस्कार.