भिंत धुण्याआधी

मंडळी, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली आणि आपल्या कॉलनीत सकाळी सातपासून पाण्याची जोरदार धार मारून भिंती धुणारं ते मशीन घुरघुरून राहिलंय. त्यामुळेच मला बोलावलं असावं. मी 32 वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. पण या विषयावर बोलायचा माझा खरा अधिकार वेगळाच आहे. मी माझीच भिंत खराब करून घेतली आहे.

चार वर्षं झाली. घराची उत्तरेकडची भिंत काळी पडली होती. गाड्या धुणारा एक पोरगा मशीन घेऊन आला, म्हणाला, ‘काका, अर्ध्या तासात नवी करून देतो.’ आणि केलीच की! मी खुर्ची टाकून चहा पीत बघत बसलो. काळ्याखालून जुना पिवळा रंग असा पट्ट्यापट्ट्यानं वर येत होता की टाळ्या वाजवाव्या. संध्याकाळी भिंतीपाशी गेलो तर चपलेखाली कचकच झालं. वाकून पाहिलं तर रेती. माझ्याच प्लास्टरची. पुढच्या जुलैत आतल्या खोलीच्या भिंतीला ओल धरली आणि बायको म्हणाली, ‘तुम्ही तर इंजिनिअर होते ना?’

आता हिशोब बघा. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. तुमचं घर दुमजली, टाकी गच्चीवर, तर खालच्या नळाला तो एक बारही पुरता मिळत नाही. गाड्या धुण्याचं मशीन शंभर बारच्या घरात मारतं. भिंत आपण पावसासाठी बांधतो. पाणी वरून यावं आणि ओघळून जावं, एवढीच तिची तयारी असते. इथं पाणी खालून वर, शंभर पट जोरानं, केसाएवढ्या भेगेत शिरतं. खिडकीच्या चौकटीतून, विटांमधल्या सांध्यांतून आत जातं आणि मग महिनोन्‌महिने आतच बसतं. शिवाय रंग आणि प्लास्टरची वरची घट्ट साय निघून गेली, की उघडी पडलेली भिंत आधीपेक्षा जास्त पाणी पिते. म्हणजे पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट.

मशीनवर माझा सरसकट राग नाही. गेटसमोरच्या काँक्रीटच्या उतारावर खुशाल वापरा. त्याच्या पाइपाला पुढे लावायच्या टोकांना (नोझलना) रंग असतात: लाल शून्य अंशाचं, म्हणजे पाण्याची सुई, पिवळं 15, हिरवं 25, पांढरं 40 अंशांचं. पांढरं लावा, दोन फूट लांब धरा. लाल टोक घरी आणूच नका. आणि मीटरची पेटी, एसीचं बाहेरचं युनिट, सोलर पॅनल यांच्याकडे ते मशीन वळवायचंही नाही. पॅनल सकाळी गार असताना साध्या पाण्यानं आणि मऊ कापडानं पुसायचं. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.

पण खरा प्रश्न मशीन घ्यावं की ब्रश, हा नाही. डाग कशाचा आहे, ते आधी बघायचं. ब्लीचचे दोन थेंब एका कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही तिथं टाका आणि थांबा. पाचेक मिनिटांत काळं फिकं पडलं तर ते शेवाळ किंवा बुरशी, म्हणजे जिवंत आहे. काहीच फरक पडला नाही तर धूळ, धूर, राख. उत्तर नागपूरच्या लोकांना मी काय सांगू, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून येणारी राख गच्चीवर बोटानं रेघ ओढण्याइतकी बसते. तिचे कण बारीक पण टणक असतात, कोरड्या फडक्यानं घासले की रंगावर ओरखडे पडतात. आधी पाइपनं नुसतं पाणी सोडा, मग साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून हलक्या हातानं फिरवा.

तिसरा डाग पांढरा, लोणा. तो पाण्यानं धुवायचाच नाही. ते क्षार आहेत. पाणी मारलं की विरघळून परत भिंतीत जातात, आणि भिंत वाळली की पुन्हा बाहेर फुलतात. कोरड्या ब्रशनं झाडून घ्या, सुपलीत गोळा करा, फेकून द्या. आणि ओल कुठून येते ते शोधा. मी बघितलेल्या दहातल्या सात घरांत टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवर सोडलेला असतो. तो पाइप लांब नेला तर निम्मं काम झालं. एसीचं पाणी तसंच. काळ्या डागाचंही मूळ बरेचदा हेच असतं. उत्तरेची भिंत उन्हाअभावी वाळत नाही, वर आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शेवाळाला अजून काय पाहिजे?

शेवाळ मात्र घासून काढू नका, मारून काढा. घासलं तर प्लास्टरच्या छिद्रांतला भाग तसाच राहतो. एक भाग ब्लीच, चार भाग पाणी. बाटली नवी घ्या. उन्हात आणि गरमीत ब्लीचचा जोर उतरतो, मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवलेली बाटली ऑक्टोबरपर्यंत बरीच कमजोर झालेली असते. बागेतल्या झाडांना आधी भरपूर पाणी घाला आणि नंतरही धुवा. ब्लीच लावताना खालून वर जायचं, वरून ओघळ आला की रेघा पडतात. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, म्हणून सकाळीच करायचं. मग धुताना वरून खाली, साध्या पाण्यानं. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि लोखंडी ग्रिल झाकून ठेवा. हातमोजे आणि चष्मा, यात लाज कसली?

आता एक गोष्ट मी जरा मोठ्यानं सांगणार. आपले लोक पोळ्यानंतर मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, त्याच आवेशात काही जण बाथरूमचं अ‍ॅसिड भिंतीवर ओततात. ते सिमेंट खातं, चुना खातं, कोटा फरशी आणि संगमरवर तर आनंदानं खातं. कोटावर लिंबू पिळून पाहिलं तरी पॉलिशचा पांढुरका ठसा राहतो. आणि ब्लीच लावलेल्या भिंतीवर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद गल्लीत तो जीव घेऊ शकतो. मजुरालाही आधीच सांगा, कारण घरातली शिल्लक बाटली तो आपणहून ओततो.

महाल भागातल्या जुन्या घरात राहणाऱ्या काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे की, आमच्या चुन्याच्या भिंतीचं काय. काकू, तुमच्या भिंतीवर मशीन नको, ब्लीचही जपून. तिथं पुन्हा कळीचा चुनाच लावा. चुन्याचा क्षारपणा शेवाळाला मानवत नाही आणि भिंत श्वास घेत राहते. दगडाच्या इमारतींची गोष्टही तशीच. 1940 साली उघडलेली आपली हायकोर्टाची इमारत वालुकाश्माची आहे, झिरो माइलचा खांबही. वालुकाश्म म्हणजे रेतीचे कण एकमेकांना चिकटलेले, आणि वरचं जुनं कवच हेच त्याचं संरक्षण. असल्या दगडाला पाण्याची धार लावली की शंभर वर्षांची झीज एका दुपारी होते. तिथं मऊ ब्रश आणि भरपूर वेळ.

उंचीचं दोन वाक्यांत सांगतो. शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात भिंतीपासून लांब ठेवा. आणि दुसऱ्या मजल्याच्या वरचं काम असेल तर दोरी-पट्टा असलेल्या माणसालाच सांगा, चार पैसे जास्त गेले तरी.

मी ब्लीचची छोटी बाटली आणि ड्रॉपर सोबत आणलाय. या सभागृहाची मागची भिंत तुम्ही बघितली असेल, पाइपाखाली ती पार काळी झाली आहे. चहा होईपर्यंत तिथं दोन थेंब टाकून बघू या. त्यावर पैज लावायची असेल तर लावा, मी ‘शेवाळ’ म्हणतोय.