घोट ऐकू येतोय का?

नमस्कार. नव्या आया ऐकत असतील, आज्या ऐकत असतील, आणि बाबा लोकांनीही जरा थांबून ऐका, आजचा विषय तुमचापण आहे.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होते आणि त्यातली निम्मी वर्षं तरी नाइट ड्यूटी केली. रात्री अडीच-तीनला बेल वाजायची आणि गेलं की बहुतेक वेळा एकच प्रश्न असायचा, सिस्टर, अंगावरच पाजत राहू की बाटली देऊ? दिवसा हा प्रश्न फार कुणी विचारत नाही बघा. दिवसा सगळ्यांचं ठरलेलं असतं, मी अंगावरच पाजणार, किंवा मला कामावर जायचंय मी बाटलीच लावणार. रात्री अडीचला बाळ किंचाळत असतं, टाके दुखत असतात, छातीला हात लाववत नाही, आणि मग ते ठरवलेलं सगळं डळमळायला लागतं.

अंगावरच्या दुधाचं महत्त्व मी पुन्हा सांगत बसत नाही, तुम्ही ते ऐकून ऐकून थकला असाल. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, आणि नंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही सांगतात. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, आणि अगदी थोडा. थोडा येतो म्हणून घाबरू नका, पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चमचाभर पुरतो. त्यातून रोगाशी लढायची ताकद जाते बाळाच्या अंगात. हे सगळं खरंच आहे. पण मला आज एका वहीबद्दल बोलायचंय.

पहिलटकरीण होती. सिझेरियन झालेलं आणि बाळंतपणाची चौथी रात्र. बेल वाजली म्हणून गेले तर ही पलंगावर टेकून बसलेली, मांडीवर बाळ, आणि बाळाच्या पायापाशी एक वही उघडी. पट्टीनं रेघा मारून रकाने केलेले. वेळ, डावी बाजू, उजवी बाजू. दहा वाजता डावी १४ मिनिटं, उजवी ११. पावणेबाराला डावी १८, उजवी २०. दीडला तर दोन्ही मिळून ४० मिनिटं. आणि आता अडीच वाजता बाळ परत रडतंय. मला म्हणाली, सिस्टर, चाळीस मिनिटं प्यायलंय हो हे, मग रडतंय कशाला?

बाजूला तिची आई बसलेली. त्या माउलीचं एकच चाललेलं, तिला दूधच नाही, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, तिला दूधच नाही. नवरा उभा, हातात मोबाइल, तो त्यातनं काहीतरी वाचून दाखवत होता. मी त्याला आधी मोबाइल खिशात ठेवायला लावला. पाजणाऱ्या बाईच्या समोर उभं राहून असं वाचून दाखवू नये कुणी. उशी आणून द्या, पाणी आणून द्या, बाळाला ढेकर काढायला घ्या, कामं पुष्कळ असतात.

मग मी केसपेपर बघितला. जन्मताना ३ किलो १०० ग्रॅम, आता २ किलो ८१०. आता वजन थोडं उतरतंच सगळ्या बाळांचं पहिल्या दिवसांत, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण हे नऊ टक्क्यांच्या वर गेलेलं. लंगोट बघितला. दिवसभरात शू किती वेळा? दोनदा. आणि त्या लंगोटावर विटकरी रंगाचा डाग. चौथ्या दिवशी तो डाग म्हणजे बाळाला दूध कमी पडतंय. म्हणजे आजी पूर्ण चुकीचं बोलत नव्हत्या. आणि वहीतली चाळीस मिनिटंही खोटी नव्हती.

मी म्हटलं, अगं, वही मीट, लाव बाळाला अंगावर, आणि आता दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, आपण नुसतं ऐकू. वॉर्डातला मोठा दिवा बंद केला. पंख्याचा आवाज आणि बाळाचा आवाज, एवढंच. चुक चुक चुक चुक. भराभर, वरच्यावर. गालाला खळ्या पडत होत्या. चुक चुक चुक, आणि मग झोपल्यासारखं, आणि परत चुक चुक. म्हटलं, ऐकलंस? हे लुचतंय, पण घोट नाही घेत. निपल नुसतं टोकाला धरलंय त्यानं. म्हणून तर चिरा पडल्यात तुला.

मग बाळाला काढलं. करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून, ओढून काढायचं नाही हं. पाठीमागे उशी, कोपराखाली उशी, आणि बाळ कुशीवर, पोट आईच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत, नाहीतर मान वळवून कोण गिळेल? नाक निपलच्या समोर. आणि मग थांबायचं. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, आणि मग बाळाला छातीकडे आणायचं, आपण वाकायचं नाही. तिसऱ्यांदा जमलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर उलटला.

चुक चुक. चुक. ख्ह.

पुन्हा चुक, चुक, ख्ह.

ती दचकली. हे काय? म्हटलं, हा घोट. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, तोही म्हणाला, मलापण ऐकू आला. मग आम्ही चौघं त्या अंधारात घोट ऐकत बसलो. दहा-बारा मोजले असतील. आणि थांबले. बाजू बदलली, तिथे सात-आठ. आणि बाळ परत रडायला लागलं.

इथे मला गोष्ट गोड करून सांगायची नाहीये. त्या रात्री तेवढ्यानं भागलं नाही. सिझेरियननंतर कधीकधी पान्हा उशिरा फुटतो, तिचा अजून नीट फुटला नव्हता. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बाळ तपासलं आणि वरचं दूध द्यायचं ठरलं. हातानं पिळून तिचं जेवढं निघालं ते आधी, आणि राहिलेलं फॉर्म्युला, म्हणजे डब्यातल्या पावडरचं दूध, वाटी-चमच्यानं. बाळ मिटक्या मारत प्यायलं आणि झोपलं. आणि तिनं वही उघडली, त्या सगळ्या रकान्यांवर एक आडवी रेघ मारली आणि रडायला लागली. म्हणाली, झालं, नाही जमलं मला.

मी काही बोलायच्या आत तिची आई उठली. इतका वेळ दूधच नाही, दूधच नाही करणारी ती बाई पलंगावर येऊन बसली आणि लेकीला म्हणाली, तुला मी बाटलीवर वाढवलंय. महिनाभरसुद्धा अंगावर नाही पाजता आलं मला. लोकांसमोर पदराखाली घ्यायची तुला आणि खोलीत जाऊन बाटली द्यायची. आजपर्यंत कुणाला बोलले नाही मी हे.

लेकीला माहीतच नव्हतं हो. तिशी जवळ आलेली मुलगी, तिला पहिल्यांदा कळत होतं. आणि माझ्या लक्षात आलं, की दूधच नाही, दूधच नाही हे ती माउली लेकीला बोलत नव्हती, स्वतःलाच बोलत होती इतकी वर्षं. तिला तेव्हा कुणी लंगोट बघून, उशी लावून, घोट ऐकवला असता तर? मला ते अजून टोचतं.

बरं, आता थोडं कामाचं. घोट ऐका आणि शू मोजा. परत सांगते, घोट ऐका आणि शू मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, शी काळ्याची पिवळी झालेली, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचं वजन परत आलेलं, म्हणजे बाळाला पुरतंय. मग ते अंगावरचं असो की बाटलीचं. शू कमी, बाळ सुस्त, पाजायलाही उठत नाही, असं असेल तर फोनवर सल्ले घेत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे.

दूध जेवढं निघतं तेवढं बनतं, हे लक्षात ठेवा. रात्रीची बाटली लावली आणि छाती तशीच भरलेली ठेवली तर शरीराला वाटतं, लागत नाहीये, कमी करूया. म्हणून दोन्ही चालू ठेवायचं असेल तर बाटलीच्या वेळी पिळून काढा, हातानं काढा नाहीतर पंपानं. दोन्ही चालू ठेवता येतं, हे कितीतरी जणींना कुणी सांगतच नाही.

आणि बाटली देणार असाल तर ती नीट द्या. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली उतरायच्या आधी पावडर घाला, आणि मग गार करून पाजा. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेवढेच सपाट चमचे. डबा पुरवायला पाणी वाढवू नका, बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि अंगात काही जात नाही. उरलेलं ओतून द्या. आणि बाटली उशीला टेकवून निघून जाऊ नका, ठसका लागतो. मांडीवर घ्या, डोळ्यात बघा, मध्ये थांबा. डब्यांच्या जाहिरातींचं म्हणाल तर १९८१ सालीच जागतिक आरोग्य सभेनं नियमावली केलीये, की आयांना अशी जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. फॉर्म्युला गरज असेल तेव्हा बाळाला तारतं, मी डोळ्यांनी बघितलंय, पण ती गरज डॉक्टरनं आणि आईनं ठरवावी, डबा विकणाऱ्यानं नाही.

आणखी एक बोलते, विषयाला सोडून वाटेल. बाळंतिणींच्या वॉर्डात हात नसलेल्या खुर्च्या का ठेवतात? तीस वर्षं मी हे विचारत आले. टाके घातलेली बाई दिवसातनं दहा-बारा वेळा तीन किलोचं बाळ अधांतरी धरून पाजणार, खांदे भरून येणार, आणि मग आपण म्हणणार तिला जमत नाही. खुर्चीला हात हवेत आणि पायाखाली पाट हवा. घरीही हवा.

ती मुलगी साधारण तीन आठवड्यांनी वजनाला आली. बाळ जन्माच्या वजनाच्या पुढे गेलेलं. दिवसभर अंगावर, आणि रात्री एक बाटली, ती बाबा देतो, आणि तेवढ्यात ती सलग चार तास झोपते, त्याआधी पिळून ठेवून. वही आणली होती बरोबर. मिनिटांचे रकाने बंद केलेले. एकच रकाना, वर लिहिलेलं शू, आणि खाली उभ्या रेघांच्या जुड्या. त्यातल्या निम्म्या रेघा आजीच्या हातच्या होत्या, जरा वाकड्या.

आत्ता ऐकताना तुमच्या कुणाचं बाळ अंगावर असेल, तर रेडिओ जरा बारीक करा. घोट ऐकू येतोय का बघा. नमस्कार.