भिजलेल्या इअरफोनचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

इअरफोन पाण्यात पडला, पुसून कानात घातला आणि आवाज बसल्यासारखा वाटला, तर लगेच टाकून देऊ नका. बरेचदा दोष तोंडावरच्या जाळीतच असतो. तिची छिद्रं इतकी बारीक, की पृष्ठताणामुळे पाणी त्यांत धरून राहतं आणि आवाजाची वाट अडते. आधी जातात ते वरचे सूर: झांजेची किणकिण, 'स' आणि 'श'ची धार. बोलणारा उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. हवा खेळण्यासाठी ठेवलेलं छिद्र बुजलं, तर खर्जही बदलतो.

पाणी आणखी आत शिरलं, तर मात्र प्रकरण वेगळं. तिथं अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याला बारीक तारेची कॉइल चिकटवलेली असते. पडद्यावर थेंब बसला की तो जड होतो, पूर्वीच्या चपळाईनं हलत नाही आणि आवाज खरखरतो.

पण मला जास्त धास्ती वाटते ती पाणी वाळल्यावर मागं राहणाऱ्या क्षारांची. घामातलं, समुद्राच्या पाण्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि सांधे गंजू लागतात. म्हणून आज नीट वाजणारा इअरफोन काही आठवड्यांनी एका बाजूनं मंदावतो. खोक्यावर आयपीएक्स ७ हे पाणी सोसण्याचं मानांकन असलं, तरी ती चाचणी १ मीटरपर्यंत खोल साध्या पाण्यात ३० मिनिटांची असते. घाम आणि साबण त्यात धरलेले नाहीत.

एक बाजू मंदावली आहे का, हे ओळखायला एकाच माणसाचं बोलणं लावून बघा. आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. उजवीकडे सरकला, तर डावी बाजू मंदावली आहे. अशा वेळी, कळकळीनं सांगतो, आवाज वाढवू नका. मंद बाजू भरून काढण्याच्या नादात दुसऱ्या कानावर नाहक मारा होतो.

भिजल्याबरोबर इअरफोन बंद करा. रबरी टोपी काढा, जाळी खाली धरून कोरड्या कापडावर हलकेच टिपा आणि निदान एक दिवस वाऱ्यावर राहू द्या. हेअर ड्रायर नको, उष्णतेनं पडदा वाकतो, चिकटवलेले भाग सुटतात. तांदळाच्या डब्यातही नको, त्याची पूड जाळीत अडकते. बिनतारी असेल, तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगच्या डबीत ठेवू नका. ओल्या टोकांना वीज मिळाली, की गंज झपाट्यानं धरतो.