एका दिवसात कोल्हापूर

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, विषय छापलाय 'एका दिवसात कोल्हापूर'. वेळ पंचेचाळीस मिनिटं होती, त्यातली दहा सत्काराच्या नारळांत गेली. असू दे.

माझं म्हणणं एवढंच, की आपला पाहुणा कोल्हापूर उलट्या टोकानं आणि गाडीत बसून बघतो. सकाळी सातला अंबाबाई, नवाला मिसळ, न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, चप्पल लाइनीत घासाघीस, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. झालं कोल्हापूर!

माझे पुण्याचे दाजी असेच आले, ९ नोव्हेंबरला. मोबाइलात अकरा ठिकाणांची यादी आणि प्रत्येकापुढं मिनिटं. देवीला गर्दी, म्हणून ती शेवटी ढकललेली. पहिला न्यू पॅलेस, वीस मिनिटं. मेजर मांटचा आराखडा, १८७७ ते १८८४, सात वर्षं काळा दगड घडत होता. तो दाजींनी वीस मिनिटांत उरकला, त्यातली आठ पेंढा भरलेल्या वाघापुढं. वरच्या रंगीत काचांत शिवचरित्र आहे म्हणून सांगतोय, तर हे घड्याळ बघतायत.

मग गाडी गावात घातली. बिंदू चौकातलं पार्किंग फुल्ल. शिट्टीवाला म्हणतोय, पुढं घ्या, पुढं घ्या. एक फेरी, दोन फेऱ्या. देवीच्या आधी पार्किंगलाच प्रदक्षिणा! तिसऱ्या फेरीला दाजींनी काच खाली केली, "हे दोन पुतळे कुणाचे हो?" म्हटलं, दाजी, महात्मा फुले आणि बाबासाहेब. भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० ला बसवले, बाबासाहेब हयात असताना. दाजींनी यादी बघितली. बिंदू चौक त्यात होता, पण 'गाडी लावणे' या कामासाठी.

शेवटी गाडी पार लांब एका बोळात लावली आणि चालत निघालो. तिथनं खरं कोल्हापूर सुरू झालं. बिंदू चौकात जुन्या तटाचा उरलेला बुरूज आहे, आपण रोज त्याच्याखालनं जातो आणि वर बघत नाही. हात लावा म्हटलं. दाजींनी लावला. ऊन खाऊन दगड गरम झालेला.

ही चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मुद्दा तर आत्ता येतोय!

भरभर सांगतो. बिंदू चौकातनं भवानी मंडप, तिथनं खासबाग, सगळं पायाखालचं. खासबाग हे कुस्तीचं मैदान १९१२ चं, शाहू महाराजांचं. कुठंही बसा, हौद्यातला डाव दिसतो, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. आणि त्याला लागूनच १९१५ चं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. अलीकडं शड्डू, पलीकडं नांदी. एकाच राजाला दोन्ही लागत होतं. ही शेजारशेजारची जोडी गाडीतनं कळत नाही, चालतच कळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याच्यावर आज बोलत नाही, घसा धरतो.

टाउन हॉल, ब्रह्मपुरीच्या उत्खननातला पोसायडन, बिनखांबी गणेश, सगळं राहिलं. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला आपल्या पंचगंगेकाठी! पुढच्या वर्षी बोलवा.

शेवट अंबाबाई, आणि ती मावळतीलाच. देवी पश्चिमेला तोंड करून आहे, ते काय उगीच? त्या दिवशी किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत येतात त्या सोहळ्याचा, पहिला दिवस होता. दिवे मालवलेले. महाद्वारातनं ऊन आत आलं, गरुड मंडप, पितळी उंबरा, कटांजन असं करत चरणांपाशी टेकलं आणि गेलं. दाजींचा मोबाइल खिशातच.

बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मुखावर कधी येतात?"

म्हटलं, उद्या आणखी वर चढतील. मुखावर परवा, तेही ढग आणि वाटेतल्या इमारतींनी येऊ दिली तर.

दाजी जरा थांबले. "मग परवापर्यंत गाडी त्या बोळात ठेवली तर चालेल का?"