डी ड्राइव्हवरचा गेम

तर मंडळी, विषय आहे गेमिंग लॅपटॉपला एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी) घ्यायची की हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीवर साठवणारी), आणि तुमच्यातले अर्धे मनात म्हणतायत की यात बोलण्यासारखं काय आहे, एसएसडीच घ्यायची. बरोबर आहे, घ्या. पण कोणती, केवढी आणि तिच्यावर ठेवायचं काय, इथे लोक माती खातात. मी खाल्लीय, म्हणून बोलतोय.

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारणारी, हार्ड डिस्क होती. मॅच लागली की बाकीचे नऊ जण आत जाऊन उभे, माझ्याकडे लोडिंगची पट्टी अजून सरकतेय. टीमवाल्यांनी माझं नावच "लोडिंग" ठेवलं. अरे लोडिंग आला का बघ! (हसू नका, इथेही दोनचार लोडिंग बसलेत, चेहऱ्यावरून कळतं.) शेवटी वैतागून एसएसडी आणली. मागचं झाकण उघडलं, एम.२ चा (एसएसडी बसवायचा) स्लॉट, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब अशी पट्टी, ती तिरकी घालायची, सोडली की टुणकन वर येते, मग एका बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने तिळाएवढा स्क्रू लावायचा. तो पडला. मला वाटलं फॅनमध्ये गेला, पाऊण तास लॅपटॉप उलटा धरून खुळखुळ्यासारखा हलवतोय, आणि सापडला कुठे तर माझ्याच मांडीखाली.

असो. विंडोज नव्याने टाकलं, बघता बघता डेस्कटॉप समोर. रात्री ऐटीत मॅचला बसलो आणि परत सगळ्यात शेवटी! दोन दिवस नेटला शिव्या दिल्या, राउटर या खोलीतून त्या खोलीत नेला. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला, गेमचं फोल्डर डी ड्राइव्हवर, म्हणजे त्याच म्हाताऱ्या डिस्कवर. परत डाउनलोड नको म्हणून मीच अक्कल चालवून जुनं फोल्डर दाखवलं होतं.

आता हे होतं का, तर ५४०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद, हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, वर हेड हलायला दहाबारा मिलिसेकंद, आणि गेमला असे हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. गंमत बघा, १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, २४ इंची ५० तबकड्या, कपाटाएवढं धूड आणि जागा जेमतेम ५ एमबीच्या आसपास, तेव्हाही तबकडी फिरायची वाट बघायची आणि माझ्या लॅपटॉपमध्येही तेच. यावर मी अजून तासभर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, ज्यासाठी आलात ते भरभर सांगतो.

एसएसडीने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढत नाही, ते मुख्यतः जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं काम. लोडिंग घटतं, आणि ओपन वर्ल्ड (मोठ्या मोकळ्या नकाशाच्या) गेममध्ये धावताना मध्येच बसणारे झटके कमी होतात. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीची साधारण ३५००, जेन ४ साधारण ७०००, पण हे आकडे एकसलग मोठी फाइल वाचतानाचे, बऱ्याचशा गेमला जेन ३ आणि जेन ४ मधला फरक दोनचार सेकंदांचाही पडत नाही. म्हणून जेन ४ ची ५१२ जीबी घेण्यापेक्षा जेन ३ ची १ टीबी घ्या, हे माझं ठाम मत. एकेक गेम १०० जीबीच्या वर जातो आणि १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, त्यात ठासून भरली की लिहिण्याचा स्पीडही पडतो. एम.२ दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही, काही स्लॉट फक्त साटाचे असतात, घेण्याआधी मॅन्युअल बघा.

झिजते का? झिजते. चांगल्या १ टीबीला बहुतेकदा ६०० टीबी लिहिण्याची हमी असते, रोज ५० जीबी लिहिलंत तरी हिशोब ३३ वर्षांवर जातो, लॅपटॉप त्याआधी जाईल. फक्त एसएसडी कधीकधी न सांगता जाते, हार्ड डिस्क निदान कटकट करून जाते, तेव्हा सेव्ह फाइल्सचा बॅकअप ठेवा. हार्ड डिस्क त्यासाठीच, बाहेरून यूएसबीला, बॅकअप, रेकॉर्डिंग आणि सध्या न खेळणारे गेम.

मागून कोणीतरी विचारतंय, त्या जुन्या डिस्कचं काय केलं? आहे, यूएसबी केसमध्ये घातलीय, सगळ्या मॅचचं रेकॉर्डिंग तिच्यावरच आहे. सुरुवातीचे दोन मिनिटं त्यात नुसती पट्टी दिसते.