दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह

पडद्यावर सरकणारी ही करवतीच्या दात्यांसारखी नक्षी म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त. आईला तिसावा आठवडा आहे. बीपी वाढलंय, आणि गेल्या सोनोग्राफीपासून बाळाचं वजन म्हणावं तसं भरलेलं नाही.

वाहत्या रक्तपेशींवरून परतताना ध्वनिलहरींची वारंवारता बदलते. ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे तत्त्व मांडलं, तेही ताऱ्यांच्या प्रकाशासाठी! त्याच्या आधारे नाळेतला प्रवाह १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी टिपला. त्यांच्याच नावावरून या सोनोग्राफी तपासणीला ‘डॉपलर’ म्हणतात.

प्रत्येक दात्याचं टोक म्हणजे बाळाच्या हृदयाचा एक ठोका. डॉक्टरांची नजर असते ती दोन टोकांच्या मधल्या जागेवर. वार (प्लासेंटा, जिच्यातून बाळाला ऑक्सिजन आणि पोषण मिळतं) निरोगी असेल, तर ठोका ओसरल्यावरही रक्त तिच्याकडे वाहत राहतं. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या, की हा मधला प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो आणि शेवटी चक्क उलटा फिरतो.

बाळ आपल्या परीनं झुंजत असतं. इतर अवयवांचं रक्त कमी करून ते मेंदूकडे वळवतं. मेंदूच्या धमनीत प्रवाह वाढलेला दिसला, की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण बाळ टंचाईत दिवस काढतंय, याची ती खूण असते.

इथे मधला प्रवाह थांबलाय. आईला दाखल करून घेतलंय, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झालीत. पोटात ठेवावं तर ऑक्सिजन अपुरा, बाहेर काढावं तर दिवस अपुरे. म्हणून डॉपलर पुन्हापुन्हा होणार, सोबत बाळाच्या ठोक्यांचा आलेखही. प्रवाह थांबलेला असताना प्रसूती साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. उलटा फिरला, तर ३० ते ३२. बाळाची तब्येत ढासळली, तर त्याहीआधी.

जोखमीच्या गरोदरपणात या तपासणीनं बाळांचे मृत्यू कमी होतात, हे दहा हजारांहून अधिक गर्भवतींवरच्या एकत्रित अभ्यासातून दिसलंय. सरसकट सगळ्यांची करून तसा फायदा आढळलेला नाही. पण ज्यांना सांगितलीय, त्यांनी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. कालचं डॉपलर नॉर्मल होतं म्हणून थांबू नका. वार अचानक सुटू शकते, आणि ते आदल्या दिवशीच्या डॉपलरमध्ये दिसेलच असं नाही.